दुहेरी बंदोबस्त

पंचगंगा ही नावाप्रमाणे पाच नद्यांची मिळून झालेली नदी असली, तरी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चौघीच काय त्या नकाशावर आणि डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे, आणि गुप्त असल्यामुळेच तिच्या कामकाजाविषयी आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. एक आटली तर दुसरी, दुसरी आटली तर तिसरी, अशी पाचपदरी तरतूद करून ठेवणाऱ्या सृष्टिकर्त्याच्या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु या पाचही पुरवठ्यांना प्रयाग चिखलीपाशी, ऐन शहराच्या उंबरठ्यावर, एकाच पात्रात आणून सोडण्याची बुद्धी त्याच सृष्टिकर्त्यास का झाली असावी, याचा उलगडा होत नाही. कोल्हापूरने वर्षानुवर्षे जे प्यायले ते मुख्यतः या एका पात्रातून, आणि पावसाळ्यात जे भोगायचे तेही याच पात्रातून.

आमच्या गावातील पतसंस्था, सहकारी बँका, कारखाने आणि गुळाच्या अडती यांच्या कचेऱ्यांतून सर्व्हरच्या विजेचा जो दुहेरी बंदोबस्त केलेला असतो, तो जवळून पाहण्याचा योग ज्याला आला असेल, त्याची अशी खात्रीच पटेल की, हा बंदोबस्त करणाऱ्या मंडळींनी आपले तांत्रिक शिक्षण प्रयाग चिखलीच्या घाटावर बसून पुरे केलेले आहे. येथे प्रत्येक वस्तू दोन आहेत. आणि त्या दोन्ही वस्तू कोठे ना कोठे, भिंतीआड, जिन्याखाली किंवा एखाद्या इसमाच्या खिशात, निमूटपणे एक होतात. मी ज्या पतसंस्थेच्या ‘इमारत व यंत्रसामग्री उपसमिती’चा, केवळ निवृत्त असल्याच्या गुणावर, सदस्य झालो आहे, तिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, ते सांगितल्यास इतर संस्थांना आपण वगळले गेल्याचा समज व्हावयाचा.

पूर्वी या संस्थेचा सारा कारभार रोजकीर्द, खतावणी आणि हेडक्लार्क अण्णांची स्मरणशक्ती या तीन आधारांवर चालत असे, आणि यांपैकी एकालाही विजेची गरज नव्हती. लाइट गेली की शिपाईमामा मेणबत्ती आणून ठेवीत आणि व्याजाची आकडेमोड पुढे चालू राही. ती अंधारातही सहसा चुकत नसे, आणि चुकलीच तर संस्थेच्या बाजूने चुके. आता तीच खतावणी जिन्याखालच्या एका खोलीत, लोखंडी जाळीच्या काळ्या कपाटात, सर्व्हर या नावाने नांदते. त्या खोलीला वातानुकूलन आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत सर्व्हरच्या देखरेखीसाठी कर्मचाऱ्यांच्या ज्या रांगा लागतात, त्या पाहून कोणाही संचालकाचे मन भरून यावे; डबेही तेथेच सुटतात.

या यंत्राच्या ठायी एकच मोठे वैगुण्य आहे, ते म्हणजे त्याला क्षणाचाही उपास सोसत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे झाले. त्यांतील एखादे चुकले तर पंख्याला पत्ताही लागत नाही आणि ट्यूबलाइट फार तर एकदा डोळा मिचकावते. पण सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटरांच्या पोटात शिल्लक असते ती जेमतेम तेवढ्या वेळेपुरतीच, आणि ती सरली की मार्चअखेरच्या नोंदी करीत बसलेल्या साऱ्या कचेरीच्या पडद्यांवर एकाच वेळी काळोख पसरतो. नंतर वीज आली तरी सर्व्हर लगेच शुद्धीवर येत नाही. आपण कोठे होतो, काय लिहीत होतो आणि अर्धवट राहिलेली नोंद जमेची की नावेची, याचा तो बराच वेळ शोध घेत राहतो, आणि तोवर काउंटरपलीकडचे सभासद संस्था बुडाली की काय याचा.

म्हणून चांगल्या प्रतीच्या सर्व्हरच्या पाठीमागे एक सोडून दोन पॉवर सप्लाय बसवलेले असतात. दोहोंपैकी प्रत्येकाच्या अंगी एकट्याने सगळा भार वाहण्याची ताकद असते. दोन्ही ठीक असताना ते भार निम्मा-निम्मा वाटून घेतात, आणि एक निकामी झाला की दुसरा, सूचक-अनुमोदकाची वाट न पाहता, त्याच क्षणी तो सगळा आपल्या अंगावर घेतो. निकामी झालेला सप्लाय यंत्र चालू असतानाच ओढून काढावा आणि नवा आत सरकवावा, अशीही सोय असते. ही योजना ज्यांनी आखली त्यांच्या मनात असे होते की, एका सप्लायची वायर एका यूपीएसला जावी, दुसऱ्याची दुसऱ्या यूपीएसला. ते दोन यूपीएस दोन वेगळ्या एमसीबींवर असावेत, त्या एमसीबी शक्य तर वेगळ्या पॅनेलमध्ये असाव्यात. सारांश, या दोन वाटांनी शेवटपर्यंत एकमेकींचे तोंडही पाहू नये.

उपसमितीच्या पाहणीच्या दिवशी मी ते कपाट भिंतीपासून पुढे ओढावयास लावले. पाठीमागे दोन जाडजूड काळ्या वायरी होत्या, आणि त्या प्लास्टिकच्या पट्टीने एकमेकींना इतक्या नेटकेपणाने बांधलेल्या होत्या की, बांधणाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीविषयी आदर वाटावा. त्या दोघी गळ्यात गळा घालून खाली उतरल्या होत्या आणि एका पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डात शेजारीशेजारी विसावल्या होत्या. त्याच बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात शिपाईमामांच्या मोबाइलचा चार्जर आणि चौथ्यात चेअरमनसाहेबांच्या चहाची विजेची किटली होती. बोर्डाची स्वतःची वायर मात्र, शिरस्त्याप्रमाणे, एकच होती.

‘‘मिस्त्री,’’ मी आमच्या वायरमनला विचारले, ‘‘दोन्ही वायरी एकाच बोर्डात कशा काय?’’

‘‘आवो साहेब, बोर्ड चांगल्या कंपनीचा हाय. सहा पिना घेतोय.’’

‘‘पण तो बोर्डच जळला तर?’’

मिस्त्रींनी क्षणभर बोर्डाकडे पाहिले, मग वायरींकडे पाहिले. ‘‘मग वायरी तरी ऱ्हातील की दोन्ही!’’

पाहणी तेवढ्यावरच आटोपली असती. परंतु माझी नजर दोन सप्लायपैकी खालच्याकडे गेली. वरच्यावर बारीकसा हिरवा दिवा लागलेला होता. खालच्यावर हिरवा नव्हता. त्या जागी नारिंगी रंगाचे काहीतरी लुकलुकत होते, आणि त्यावर कुंकवाचा वाळलेला थर असल्यामुळे तो दिवा आहे की पूजेचाच एखादा उपचार, हे चटकन ठरवता येईना. खंडेनवमीला आमच्याकडे तिजोरी, नोटा मोजण्याचे यंत्र आणि सर्व्हर यांची एकाच ताटाने पूजा होते. झेंडूची माळ सर्व्हरच्या हवेच्या झरोक्यांवर पडते, आणि पाठीमागेही देव असतो या श्रद्धेने शिपाईमामा मागल्या बाजूलाही बोट टेकवून येतात. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, या सप्लायने आपल्या परीने शिटीही वाजवून पाहिली होती. परंतु त्या शिटीने ठेवींच्या याद्या वाचताना व्यत्यय येतो म्हणून एका कर्तव्यदक्ष लेखनिकाने तिच्या भोकावर चिकटपट्टी लावून तिचा बंदोबस्त केला होता. तारखा जुळवून पाहता, खालचा सप्लाय दसऱ्याच्या बऱ्याच आधी निवर्तलेला होता. पूजेच्या वेळी तो हयात नव्हता.

दुहेरी बंदोबस्ताची खरी खोच ही येथे आहे. एकच सप्लाय असता तर तो गेल्या क्षणी सगळी कचेरी धावत आली असती. दोन असल्यामुळे पहिल्याच्या मरणाची वार्ताच कोणाला लागत नाही. कामकाज बिनबोभाट चालू राहते, संस्था आपल्याकडे दोन आहेत या समाधानात वावरते, आणि वास्तविक ती एकावर आलेली असते. मग दुसराही गेला की, ‘‘दोन्ही एकदम कसे गेले?’’ असे आश्चर्य ठरावाच्या रूपाने व्यक्त केले जाते.

अर्थात यावरून आपण कोल्हापूरकरच तेवढे मागासलेले, असे वाटून खिन्न होण्याचे कारण नाही. ८ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेत अटलांटा येथे डेल्टा या बलाढ्य विमान कंपनीच्या केंद्रात विजेच्या नियंत्रणाचे एक उपकरण बिघडले, तेव्हा असे उघडकीस आले की, तेथील सुमारे ७००० यंत्रांपैकी सुमारे ३०० यंत्रे पर्यायी विजेला जोडलेलीच नव्हती. पर्यायी वीज होती, ती मुबलक होती, आणि ती वेळेवर हजरही झाली; तिच्या टोकाला ही तीनशे यंत्रे नव्हती एवढेच. तीन दिवसांत दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. आमच्या संस्थेचे एकही उड्डाण आजवर रद्द झालेले नाही, ही गोष्ट मी त्या दिवशीच्या अहवालात आवर्जून नमूद केली.

बोर्डाच्या पलीकडे यूपीएसचे राज्य सुरू होते. आमच्याकडे यूपीएसही दोन आहेत. पहिला चेअरमनसाहेबांच्या पॅनेलने घेतलेला आणि दुसरा मधल्या पाच वर्षांत निवडून आलेल्या विरोधी पॅनेलने घेतलेला. त्यामुळे त्यांच्या वेगळेपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. दोघांच्याही दर्शनी पडद्यावर भार ७० टक्के असा आकडा दिसतो, आणि मॅनेजरसाहेब तो पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवतात. ‘‘अजून तीस-तीस टक्के शिल्लक आहे,’’ असे ते सांगतात. मुळात दोघांवर तीस-तीस टक्केच भार होता. पण पुढे कॅमेरे आले, नवे संगणक आले, चेअरमनसाहेबांच्या केबिनचा वातानुकूलकही, तो बंद पडल्यास निर्णयप्रक्रिया थांबते या कारणास्तव, यूपीएसवर आला. आता त्यांतील एक बंद पडला की त्याचे सत्तर टक्के दुसऱ्याच्या सत्तरांत मिसळून एकशेचाळीस होतात, आणि एकशेचाळीस टक्के भार पाहताच दुसराही आपली सुटका करून घेतो. दोन यूपीएस एकमेकांना उपयोगी पडावेत असे वाटत असेल, तर त्या दोघांनीही आयुष्यभर निम्म्याहून कमी काम केले पाहिजे. आणि आपण पैसे मोजून आणलेली वस्तू निम्मी रिकामी बसलेली पाहणे, हे सहकारी चळवळीत वाढलेल्या मनाला कदापि रुचत नाही.

बॅटऱ्यांची कथा याहून करुण. प्रत्येक यूपीएसमागे १२ व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या एकीला एक जोडून १९२ व्होल्टची माळ केलेली असते, आणि अशा माळेत एक बॅटरी मेली की उरलेल्या पंधरांचे कर्तृत्व व्यर्थ जाते. आमच्याकडे मेलेली तेवढीच बदलण्याचा काटकसरी प्रघात असल्यामुळे एकाच माळेत तीन-चार पिढ्या एकत्र नांदतात, आणि जुन्या पिढीच्या अशक्तपणामुळे नव्या पिढीचीही रया लवकर जाते. शिवाय २५ अंशांच्या वर उष्णता दहा अंशांनी वाढली की या बॅटऱ्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा जाणत्यांचा आडाखा आहे. म्हणून त्यांना गारव्यात ठेवावे असे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. त्या गारव्याच्या जागी माणसे डबे खात असल्यामुळे बॅटऱ्या शेजारच्या बोळकांडीत, न वाटल्या गेलेल्या कॅलेंडरांच्या आणि वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्यांमध्ये, उबेला ठेवल्या आहेत.

जनरेटर मात्र खानदानी आहे. ज्या जिल्ह्यात, कागलच्या औद्योगिक वसाहतीत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे, त्या जिल्ह्यातील संस्थेने जनरेटरच्या बाबतीत कोणाची उसनवारी करण्याचे कारण नाही. वीज गेली की एएमएफ पॅनेल ती गेल्याचे ओळखणार, जनरेटरला सुरू होण्याचा हुकूम देणार, आणि काही सेकंदांत कचेरीचा भार त्याच्यावर येणार, अशी ही तजवीज. फक्त हे प्रचंड धूड जागे होते ते एका बॅटरीने, आणि जनरेटर ऐन वेळी न लागण्याच्या कारणांमध्ये या बॅटरीचे उतरणे हे जगात सर्वत्र अग्रस्थानी आहे. म्हणून दर शनिवारी अकरा वाजता दहा मिनिटे जनरेटर चालवून पाहावा असा नियम होता, व तो पाळलाही जात असे. पुढे त्याच्या धुराने मागच्या बाजूच्या वहिनींचे वाळत घातलेले सांडगे काळे पडतात अशी लेखी तक्रार आली, आणि संचालक मंडळाने शेजारधर्मास अनुसरून ती चाचणी तूर्त स्थगित केली. आज तिचे ‘तूर्त’पण इतके मुरले आहे की, जनरेटर सुरू होतो की नाही हे पाहावयाचे असल्यास वीज जाण्याचीच वाट पाहावी लागते.

अशा वेळी मला राधानगरीच्या धरणाची आठवण होते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याचा पाया घातला, त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठराविक उंचीपर्यंत पाणी चढले की ते पाण्याच्याच जोराने उघडतात आणि उतरले की मिटतात; त्यांना ना मोटार लागते, ना बॅटरी, ना मिस्त्रींना फोन. ‘राधानगरीचे चार दरवाजे उघडले’ ही बातमी कोल्हापुरात पसरते, तेव्हा नदीकाठची माणसे सामान माळ्यावर चढवू लागतात आणि मी मनातल्या मनात त्या दरवाज्यांना मुजरा करतो. साऱ्या जिल्ह्यात सांगितल्या कामाला सांगितल्या वेळी आपणहून हजर होणारी एवढी एकच यंत्रणा माझ्या पाहण्यात आहे.

आता मूळ विजेकडे वळू. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने सारा महाराष्ट्र गांजला होता, असे लोक म्हणतात. परंतु संस्थेच्या दृष्टीने पाहता तो काळ सुवर्णयुगच म्हणावा लागेल, कारण तेव्हा वीज जाण्याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई आणि वीज ते पाळीत असे. बॅटऱ्यांना रोजचा व्यायाम होता, जनरेटरची बॅटरी सदैव ताजीतवानी असे, आणि मिस्त्री कचेरीतच मुक्कामाला असल्यासारखे असत. भारनियमन संपले आणि ही सारी शिस्त मोडली. आता वीज क्वचितच जाते, पण जाते ती बेसावध गाठून. यावर उपाय म्हणून एका संचालकांनी महावितरणकडून दोन निरनिराळ्या फीडरची मागणी करण्याची सूचना मांडली. चौकशी करता असे समजले की, दोन्ही फीडर निरनिराळ्या रस्त्यांनी, निरनिराळ्या खांबांवरून येतील, यात संशय नाही. निघतील मात्र एकाच उपकेंद्रातून. फौंड्रीवाले यावर हसले. उद्यमनगरात आणि शिरोलीत ज्यांच्या भट्टीत वितळलेले लोखंड असते, त्यांना वीज जाणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते लोखंड भट्टीतच थिजून बसले की ते फोडून काढण्यातच दिवस जातात, आणि ‘सिस्टिम डाउन आहे, उद्या या’ असे लोखंडाला सांगता येत नाही.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, ही कोल्हापूरच्या पोराटोरांना पाठ असलेली मापे मागे टाकून पंचगंगा ५५ फुटांच्याही वर चढली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, सुतारवाडा यांतून होड्या फिरू लागल्या. आणि ज्या शहरात चोहीकडे पाणीच पाणी होते, त्या शहराच्या नळांना पाणी नव्हते, कारण नदीकाठची उपसा केंद्रे स्वतःच बुडाली होती. वीज उपकेंद्रांत आणि रोहित्रांत पाणी शिरले. जेथे शिरले नव्हते तेथेही जीविताच्या काळजीने प्रवाह बंद ठेवावा लागला, आणि तो ठेवला हे योग्यच झाले. दोन फीडर, दहा फीडर, काही असते तरी एकच उत्तर आले असते.

संस्थेचा जनरेटर, जड वस्तू खाली असाव्यात या सर्वमान्य तत्त्वानुसार, इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये होता. तो प्रथम गेला. शेजारच्या उंच चौथऱ्यावरील एका इमारतीचा जनरेटर कोरडा राहिला, आणि त्याच्या मालकांनी मोठ्या मनाने आम्हांलाही एक वायर देऊ केली. पण डिझेल कोठून आणावयाचे? पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेलेला, टँकर दोन्ही दिशांना अडकलेले, आणि पंपांवरील उरलासुरला साठा बचावकार्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला. त्या दिवशी उमगले की, शहरातील यच्चयावत जनरेटर, मग ते कोणत्याही कंपनीचे आणि कोणाच्याही दारातले असोत, डिझेल पितात ते एकाच रस्त्याच्या तोंडून. न्यूयॉर्कला २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने हाच धडा दिला होता: तेथील एका सर्व्हर केंद्राचा जनरेटर दूरदृष्टीने सतराव्या मजल्यावर ठेवलेला होता, आणि त्याला डिझेल चढवणारा पंप तळघरात. तळघर बुडाले; मग कर्मचारी आणि त्यांचे ग्राहक असे सगळे मिळून जिन्याने बादल्या हातोहात देत सतरा मजले डिझेल वाहत राहिले. आमच्या मॅनेजरसाहेबांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘त्या बादल्यांचं बिल कुठल्या खात्यावर टाकलं?’’

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा तेवढेच चढले. तेव्हा मात्र जनरेटर वर होता; नव्या, कोरड्या जागी, पहिल्या मजल्यावर. त्याची डिझेलची टाकी जुन्या जागी, खाली.

महापुरानंतर एका तरुण संचालकांनी सर्व्हरच क्लाउडवर, म्हणजे नवी मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, हलवावा असा आग्रह धरला, आणि त्यात तथ्य होते. तेथे ‘टियर ३’ दर्जाच्या इमारतीत कोणताही एक भाग दुरुस्तीसाठी काढून ठेवला तरी काम थांबत नाही, आणि ‘टियर ४’मध्ये तो भाग न सांगता मेला तरी थांबत नाही, दोन वाटा तेथे खरोखरच दोन असतात. पण तेथवर पोहोचण्यासाठी इंटरनेटची लाइन पाहिजे. म्हणून आम्ही दोन लाइनी घेतल्या, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या. त्या कंपन्यांचे आपसांत कितीही वैर असो, केबल टाकताना त्यांनी खर्च वाचवण्यासाठी रस्त्याकडेचा एकच चर वापरलेला होता. आणि पुढे गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीने एकाच घासात दोघींचा निकाल लावला. विरोधी पॅनेलच्या एका ज्येष्ठ सभासदांना मात्र डेटा सेंटरचा हा खर्चच पसंत नव्हता, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून अलग करून सावरणारी यंत्रणाही त्या दिवशी कामी आली नाही, तेव्हापासून ते प्रत्येक सभेत एवढेच म्हणतात, ‘‘तिथंबी जातीया की.’’ त्या दिवशी मोठी डेटा सेंटरे आपापल्या जनरेटरांवर चालू राहिली, हे त्यांना सांगून पाहिले. त्यांनी कानाला हात लावला.

या साऱ्या दुहेरी व्यवस्थेच्या मुळाशी आमचे मिस्त्री आहेत, आणि ते एकच आहेत. कोणती वायर कोठून निघते, कोणती एमसीबी कशाची, चेंजओव्हरचा दांडा डावीकडे ओढला तर जनरेटर की महावितरण, हे त्यांना ठाऊक आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. पॅनेलवर एके काळी खडूने खुणा होत्या. रंगकामात त्या गेल्या. ब्रिटिश एअरवेजच्या केंद्रात २७ मे २०१७ रोजी एका तंत्रज्ञाने वीजजोडणी तोडली आणि नंतर बेबंदपणे पुन्हा जोडली, त्या धक्क्याने यंत्रे खराब झाली आणि सुमारे ७५,००० प्रवासी ठिकठिकाणी खोळंबले, असे त्या कंपनीच्या वरिष्ठांनीच पुढे सांगितले. त्या तंत्रज्ञाजवळही कदाचित असाच दांडा असावा. तिजोरीला दोन किल्ल्या असाव्यात, एक मॅनेजरकडे व एक कॅशियरकडे, दोघे हजर असल्याखेरीज ती उघडू नये, हा नियम संस्थेत मेणबत्तीच्या काळापासून आहे. दोन्ही किल्ल्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलाच्या वरच्या खणात एकाच कड्यात असतात; कॅशियर रजेवर गेले तर अडचण नको म्हणून.

तर, उपसमितीने आपला अहवाल सादर केला. त्यात नवा पॉवर सप्लाय, बोर्डाऐवजी दोन यूपीएसकडून थेट दोन स्वतंत्र जोडण्या, संपूर्ण नवी बॅटरीमाळ आणि डिझेलची टाकी वर नेणे, एवढ्या शिफारशी होत्या. संचालक मंडळाने अहवालाचे एकमुखाने स्वागत केले. टाकीचा विषय पुढील पावसाळ्यापूर्वी घ्यावा, बॅटऱ्यांचा विषय अर्थ उपसमितीकडे द्यावा आणि चेअरमनसाहेबांच्या केबिनचा वातानुकूलक यूपीएसवर तसाच ठेवावा, असे ठरले. पॉवर सप्लाय आणि जोडण्या यांची निकड मात्र सर्वांना पटली. अशा कोणत्याही खरेदीला तीन निरनिराळ्या विक्रेत्यांची तीन दरपत्रके लागतात. एकाच विक्रेत्यावर विसंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू. दरपत्रके आठवड्याच्या आत आली. ती तीन वेगवेगळ्या दुकानांच्या नावांनी छापलेल्या कागदांवर होती, एक राजारामपुरीतील, एक लक्ष्मीपुरीतील आणि एक इचलकरंजीचे. तिन्हींत ‘सप्लाय’ हा शब्द ‘सल्पाय’ असा लिहिलेला होता, आणि तिन्हींवरचे हस्ताक्षर आमच्या मिस्त्रींचे होते. त्यांतील सर्वांत कमी दराचे मंजूर करण्यात आले.